दरवर्षी सात रात्री

रिसॉर्टच्या फाटकातून गाडी आत शिरली तशी लटारूभाऊंची नजर कंपाउंडची भिंत शोधू लागली. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मान वळवून मागेही पाहिलं. फाटक होतं, फाटकाशी चौकीदार होता, चौकीदाराच्या डोक्यावर टोपीसुद्धा होती. पण फाटकाच्या दोन्ही बाजूंना नुसता बांबू.

"आदेश," त्यांनी हळूच विचारलं, "भित कुठी आहे?"

"बाबा, हे रिसॉर्ट आहे. इथी भित नसते."

"मंग त्याले कसं समजते, आपलं कुठून सुरू होते ते?"

आदेशनं आरशातून बायकोकडे पाहिलं. रंजीता खिडकीबाहेर तोंड करून हसली. लटारूभाऊंच्या बायको इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली आणि दहा वर्षांच्या नातीला, दिव्यानीला, आपल्याकडे ओढून घेतलं.

झालं होतं असं, की चंद्रपूरच्या एका प्रदर्शनात रंजीतानं एक चिठ्ठी भरून डब्यात टाकली होती. पुढच्याच आठवड्यात फोन आला. अभिनंदन, तुमच्या कुटुंबाला जंगलातल्या रिसॉर्टमध्ये एक रात्र फुकट. आवडलं तर सभासद व्हा. मग दरवर्षी सात रात्री, पंचवीस वर्षं, तुमच्या हक्काच्या. अट एवढीच, की निर्णय तिथून निघायच्या आत सांगायचा. रंजीताच्या नागपूरच्या बहिणीनं असंच काहीतरी थंड हवेच्या ठिकाणी घेतलं होतं आणि तेव्हापासून ती घरातल्या प्रत्येक लग्नात त्याचे फोटो दाखवत हिंडत होती. आदेश गडचिरोलीत सरकारी कार्यालयात कारकून. त्याच्या पगारात हे बसणारं नव्हतं. पण गावाकडच्या धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, एक तुकडा रस्त्यात गेला होता, त्याचे पैसे बँकेत पडले होते, आणि ते खातं बापलेकाचं जोडीनं होतं. दोघांच्या सहीशिवाय चेक वटणार नव्हता. म्हणून लटारूभाऊंना आणलं होतं.

त्या पैशांतून बोडी खोल करायची, असं लटारूभाऊंनी मनाशी ठरवलं होतं. बोडी म्हणजे शेताच्या डोक्याशी असलेलं लहानसं तळं. तिच्यात पाणी राहिलं तर पाऊस दगा देऊनही धान हाती लागतं. हे त्यांनी फक्त इंदुताईंना सांगितलं होतं. मुलाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. वाघाच्या भीतीनं अंगावर काटा येतो, तो थोड्या वेळानं बसतो. मुलाला नाही म्हणायची भीती घशात अडकायची आणि तिथेच राहायची.

वाघाची भीती मात्र त्यांना जवळची होती. सिंदेवाहीकडचं त्यांचं गाव जंगलाला चिकटून. गेल्या वर्षी बोडीच्या पाळीवरून त्यांची कालवड गेली. तेव्हापासून गावात कोणी एकटं शेतावर जात नसे आणि दिवेलागणीनंतर कोणी त्याचं नाव घेत नसे. नुसतं 'तो' म्हणायचं. वाघ पाहून माकड खाकरलं, की ज्याच्या कानावर पडेल त्यानं हाताशी येईल ते भांडं बडवायचं. ते ऐकून शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. काय झालं हे विचारायला थांबायचं नाही. आधी वाजवायचं, मग धावायचं, मग विचारायचं. याला हाका म्हणत, आणि आजवर हाक्याला कोणी घरात बसून राहिलं नव्हतं.

रिसॉर्टची प्रिया मॅडम फार गोड होती. केसांचा अंबाडा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं पुण्याकडचं. तिनं सगळ्यांना कॉटेज दाखवलं. जंगलाकडची अख्खी भिंत काचेची होती. न्हाणीघरात तर लटारूभाऊ दारातच थबकले.

"ही आमची खासियत, काका. वर छप्परच नाही. आंघोळ करताना चांदण्या दिसतात."

"अन् मी कोणाले दिसतो?"

"कुणालाच नाही काका. पलीकडे फक्त जंगल आहे."

"तेच म्हणून राह्यलो मी."

पहाटे टमरेल घेऊन बाहेर जाणारी माणसं परत येत नाहीत, हे कळल्याबरोबर गावात सगळ्यांच्या आधी घराच्या आत संडास बांधणारा माणूस हा. पैसे देऊन उघड्यावर आंघोळ करायची, ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरेना.

मग गार हॉलमध्ये बसून प्रियानं पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रांतलं प्रत्येक कुटुंब हसत होतं.

"महागाई वाढेल, हॉटेलं महाग होतील, पण तुमच्या सात रात्री तुमच्याच," ती म्हणाली.

"अन् एखाद्या वर्षी आलोच नाई तर?" इंदुताईंनी विचारलं.

"तरी देखभालीचं शुल्क तेवढं भरावं लागतं, काकू."

"म्हंजे घरी निजलो तरी पैसे?"

"आई, तसा हिसाब नसते," आदेश म्हणाला. "सात रात्री हॉटेलात राह्यलो तर किती लागन, ते पाय ना."

"आपण कधी राह्यलो रे हॉटेलात सात रात्री?"

"मामाजी," रंजीता सासऱ्यांकडे वळली, "दिव्यानी मोठी होऊन राह्यली. तिच्या वर्गातले पोरं सारे फिरून येतात. एखादी जागा आपली म्हणून पायजे का नाई?"

हे ऐकून लटारूभाऊंच्या घशातली भीती आणखी जड झाली. त्यांनी प्रियालाच विचारलं, "मॅडम, तो इथी येतेच का?"

प्रियाचे डोळे चमकले. "गॅरंटी देता येत नाही काका, पण गेले आठ दिवस वाघीण रोज संध्याकाळी समोरच्या पाणवठ्यावर येते."

"नाई येनार, अशी गॅरंटी असन तर सांगा. मी आत्ता सही करतो."

प्रिया खूप हसली. तिला वाटलं, काका मोठे विनोदी आहेत. आदेश हसला नाही. तो कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, तुमाले नको असन तर तसं सांगा ना सरळ."

आता सांगावं. लटारूभाऊंनी तोंड उघडलं. "नाई रे," ते म्हणाले, "तुमाले पसंद आहे तर मले काय." आणि इंदुताईंनी कपाळाला हात लावला.

असं ठरलं, की संध्याकाळचा चहा पाणवठ्यासमोरच्या माचीवर घ्यायचा आणि मग सही करायची.

माचीवर वीसेक पाहुणे होते. कोणी बोलत नव्हतं. 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि एक जाडसर गृहस्थ हातभर लांबीचा कॅमेरा लावून त्या पाटीपेक्षाही शांत बसले होते. मे महिना, पाणवठ्यात थाळीएवढं पाणी उरलेलं. टेबलावर स्टीलच्या मोठ्या भांड्यात झाकण घातलेली भजी होती. ऊन गेलं. बांबूत काळोख भरू लागला. लटारूभाऊंच्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी या वेळी दाराला कडी लागलेली असे. इथे माणसं मुद्दाम बाहेर येऊन बसली होती, आणि तीही तोंड मिटून. जंगलात माणसानं गप्प बसणं म्हणजे आपण बकरी आहोत असं कळवण्यासारखं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या मोहाच्या झाडावर माकड खाकरलं.

"कॉल," प्रिया आनंदानं कुजबुजली. "आली."

सवयीनं लटारूभाऊंनी माणसं मोजली. इंदुताई. आदेश. रंजीता. पुन्हा मोजली.

"पोरगी कुठी आहे?"

"श्श," कॅमेरावाले म्हणाले.

"आदेश, दिव्यानी कुठी आहे?"

आदेशनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. माकड पुन्हा खाकरलं, आता जवळून. पाणवठ्यापलीकडचा बांबू हलला आणि त्यात काहीतरी पिवळं सरकलं.

पुढचं लटारूभाऊंनी ठरवून केलं नाही. त्यांच्या हातांनीच केलं. भज्यांच्या भांड्याचं झाकण उचललं गेलं, दुसऱ्या हातात चिमटा आला आणि त्या पवित्र शांततेत पहिला ठणाणा झाला. "हाऽ हाऽ हाऽऽ" असा आवाज त्यांच्या पोटातून निघाला. इंदुताईंनी ट्रेवर पळी हाणली. रंजीता जंगलाकाठच्या आरमोरीची, तिनं कपांचा विचार न करता अख्खं टेबल बडवलं. आदेश एक क्षण "बाबा, अवो बाबा" म्हणाला आणि दुसऱ्या क्षणी लोखंडी खुर्ची कठड्यावर आपटून बापापेक्षा मोठ्यानं ओरडू लागला.

पाहुणे टेबलाखाली गेले. पण स्वयंपाकघरातले लोक बाहेर आले. ते सगळे आसपासच्या गावांतले. आचारी इसरू सगळ्यांत पुढे, एका हातात कढई, दुसऱ्यात झारा. त्याच्यामागे भांडी घासणारे, पोळ्या लाटणारे, सगळे. काय झालं, असं एकानंही विचारलं नाही. त्यांचा आवाज नाल्यापलीकडच्या गावानं ऐकला. तिथे एक पत्रा वाजला, मग दुसरा, मग फटाके फुटले. बघता बघता फाटकातून ट्रॅक्टर आत आला. त्याच्या ट्रॉलीत काठ्या, बॅटऱ्या आणि माणसं खचाखच भरली होती. चौकीदार त्यांना अडवणार कसा? तो स्वतःच शिट्टी फुंकत त्यांच्यापुढे धावत होता.

ट्रॉलीतून पत्रूभाऊ नावाचे म्हातारे गृहस्थ उतरले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कोणाले नेलं?"

सगळी भांडी थांबली. या प्रश्नानंतर गावात जी शांतता होते ती तिथे झाली.

"नात," लटारूभाऊ म्हणाले. "दिसून नाई राह्यली."

बॅटऱ्या पाणवठ्याकडे वळल्या आणि दिवेलागणीनंतर उंबरठा न ओलांडणारे लटारूभाऊ सगळ्यांच्या पुढे चालू लागले. हातात झाकण होतं, पण ते वाजवायचं भान नव्हतं. काठावर ओल्या मातीत पंजा उमटलेला होता. त्यात अजून पाणी झिरपत होतं. रंजीतानं तोंडावर पदर घेतला. आदेशनं बापाचा दंड धरला.

"आबाजी," मागून आवाज आला.

स्वयंपाकघराच्या पायरीवर दिव्यानी उभी होती. हातात वाटी, हनुवटीवर पाक.

"आतमंधले सारे बाहेर पळाले. मंग मी माझ्याच हातानं जामून घेतले." तिनं ट्रॅक्टर पाहिला, बॅटऱ्या पाहिल्या, गर्दी पाहिली. "आज नाटक आहे का इथी?"

लटारूभाऊ होते तिथेच बसले. रंजीतानं पोरीला आधी छातीशी धरलं आणि मग एक चापट मारली. दिव्यानी रडली, तेव्हा कुठे सगळ्यांना बरं वाटलं.

हाक्याला धावून आलेल्या माणसाला तसंच परत धाडायचं नसतं. इंदुताईंनी पदर खोचला आणि प्रियाला सांगितलं, "मॅडम, एवढे लोक आले, दोन घास तरी खाऊन जाऊ द्या." प्रिया काही म्हणायच्या आत इसरूनं वाढायला सुरुवातही केली होती. पाहुण्यांसाठी मांडलेलं जेवण पहिल्या पंगतीतच संपलं.

कॅमेरावाले टेबलाखालून निघाले. त्यांच्या कॅमेऱ्यात भज्यांचं झाकण घेतलेले लटारूभाऊ फार सुरेख आले होते; बाकी काहीच नव्हतं. "उद्या येईल ना ती?" त्यांनी विचारलं.

"आता?" पत्रूभाऊ हात धुता धुता म्हणाले. "ते नदी पार करून गेली असन. हा उन्हाळा तर नाई येत इकडं." मग त्यांनी लटारूभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ, लय बरं केलं. आठ दिवसांपासून आमच्या बकऱ्या घरातच बांधून होत्या. तुमी इथी नेमी येनार का?"

"सात रात्री," लटारूभाऊ संकोचून म्हणाले. "दरवर्षी. पंचवीस वर्ष."

"येत जा. आमी आवाजाचीच वाट पाहू."

हे प्रियानं ऐकलं. सात रात्री आणि पंचवीस वर्षं हा हिशेब तिनं आजवर शेकडो कुटुंबांना करून दाखवला होता. स्वतः मात्र आज पहिल्यांदाच केला. समोर रिकामी भांडी होती, भेग पडलेला कठडा होता, आणि वीस कप फुटले होते.

इकडे लटारूभाऊंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मुलानं हौसेनं आणलं आणि आपण चारचौघांत असा गोंधळ घातला. ते हॉलमध्ये गेले आणि प्रियासमोर बसले. "आणा मॅडम, कुठी करू सही?"

"काका," प्रिया म्हणाली, "घाई काय आहे?"

"तुमीच म्हने ना, निघाच्या आत करा."

"ते असंच म्हणतात. मोठा निर्णय आहे. घरी जा, शांतपणे विचार करा. वर्षभर करा."

लटारूभाऊंच्या घशातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. पण मागे इंदुताई उभ्या होत्या.

"काऊन?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून काका-काका करून राह्यली, अन् आता विचार करा? आमी का पैसे देनारे लोक नाई?"

"तसं नाही काकू, कोटाच संपत आलाय."

"पाय ना," रंजीता नवऱ्याला म्हणाली. "नागपूरवाल्याईले देतात. आपल्याले नाई."

आदेश चिडला. त्यानं खिशातून चेक काढून टेबलावर ठेवला. "आमी घेऊन राह्यलो मॅडम. बाबा, करा सही. पेन द्या."

लटारूभाऊंनी चेक आपल्याकडे ओढला.

"पेन," प्रिया म्हणाली, "पेन नाही."

"एवढ्या मोठ्या रिसॉर्टात पेन नाई?"

"नेमकं आत्ताच नाही हो." ती पाठमोरी होऊन खण उपसू लागली. आदेश खिसे चाचपत होता, रंजीता पर्स उलटी करत होती, इंदुताई पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. लटारूभाऊंना शोधण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते समोर पाहत होते. समोर प्रियाचा अंबाडा होता आणि अंबाड्यात निळ्या टोपणाचं पेन खोचलेलं होतं.

प्रिया सरळ झाली. सवयीनं तिचा हात केसांकडे गेला, पेनाला लागला आणि तिथेच थांबला. तिनं वळून पाहिलं. लटारूभाऊ तिच्याकडेच पाहत होते.

"बाबा, तुमाले दिसते का कुठी?" आदेशनं टेबलाखालून विचारलं.

डोक्यावर दिव्यांचं झुंबर लखलखत होतं.

"नाई रे बा," लटारूभाऊ म्हणाले. "उजेडच कमी आहे इथी."