कचरू मिस्त्रीचा ढाळ

कचरू मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी खिशातली गोटी फरशीवर ठेवतो. पाणी नंतर पितो. गोटी कुठं पळते ते बघून घरवाल्याला तोंडावर सांगतो, "फरशी बिघडली." एकदा आमच्या विहारात वंदना चालू असताना त्याने गोटी सोडली, ती भंतेजींच्या आसनाखाली गेली. भंतेजींनी वंदना चालू ठेवली. मी बोलले.

मानवतला आमच्या घराला तळघर आहे. तिथं आम्ही पाच बायका पापड लाटतो. भांडी-हात धुतलेलं पाणी पाइपातून मागच्या खड्ड्यात जातं, तिथून मोटर ते वर फेकते. तो पाइप सारखा तुंबायला लागला. वास सुटला. बायका म्हणाल्या, वास गेला नाही तर आम्ही येणार नाही. म्हणून कचरूला बोलावलं.

उतार जमेना म्हणून त्याने पाइप तीनदा बसवला आणि तीनदा उखडला.

"अरे, दे की भरपूर ढाळ! पाणी धावत जाईल."

"अक्का, पहिल्या मिस्त्रीनं तेच केलंय. लय ढाळ दिला की पाणी एकलंच पळतं, गाळ मागं ऱ्हातो. कमी दिला की दोघंबी बसून ऱ्हातात. दोघं संगं चालले पायजेत."

चौथ्यांदा पाइप बसला. मग तपासणी. त्याची रीत अशी की एकाने वरून हळदीचं पाणी ओतून "सोडलं!" म्हणायचं, आणि त्याने खड्ड्याशी उकिडवं बसून "आलं!" म्हणायचं. माझी अर्धी वाटी हळद गेली. पण पिवळं पाणी आलं, आणि त्याच्यासोबत पिठाचा गाळही आला. तो लग्नात ओरडतात तसा ओरडला, "आलं!"

तो निघाला तेव्हा मी बोललेच. "लोकाचं काम चारदा करतोस. तुझ्या न्हाणीमागचा चर वर्षभर उघडा पडलाय. हापशावर अंघोळ करतोस. लाज वाटत न्हाई?"

"पाइप कवाच टाकलाय, अक्का. तपासला न्हाई म्हणून माती लोटली न्हाई."

"मग तपास."

"पाणी सुमन सोडायची."

सुमन त्याची बायको. वारली त्याला वर्ष झालं.

"गडी आण एखादा. न्हाईतर नळ सोडून पळत जा."

"बघू," म्हणाला, आणि फरशीवरची गोटी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी मी हळद घेऊन त्याच्या घरी गेले. म्हटलं, "जा, मागं बस." न्हाणीत बादली ओतली आणि ओरडले, "सोडलं!"

मागून "आलं" काही येईना. पाणी केव्हाच पोचलं असणार. माझे कान अजून शाबूत आहेत, चराकडून जे ऐकू आलं तो हुंदका होता.

 मी दुसरी बादली नळाखाली लावली.