बारा लूमची परीक्षा

जनूदादा म्हात्रेंना सिनेमाची गोष्ट ऐकवायला गेलात, तर ते आधी आपले बाराही लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू करतात. त्या खडखडाटात उभं राहून, एक शब्द न बोलता, नुसत्या हातवाऱ्यांनी गोष्ट सांगायची. समोर परीक्षक म्हणून इद्रिसभाई, त्यांचा सगळ्यात जुना कारागीर. इद्रिसभाईला कळली तर गोष्ट पास. नाही कळली तर दादा लूम थांबवून निकाल देतात, "हा रेडिओ हाय. पिच्चर न्हाय."

भिवंडीत लूमवर आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, शेडमध्ये कान कामाचे नसतातच. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं बोटांवर आणि ओठांवर चालतं. दादांनी तोच कायदा सिनेमाला लावला, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस सिनेमातला कोण? कोणी नाही! कधीकाळी कुठल्याशा पिक्चरवाल्यांनी त्यांच्या शेडमध्ये तीन दिवस शूटिंग केलं. त्यात दादांचा डावा खांदा दिसतो. तेवढ्या पुण्याईवर ते इतकी वर्षं आमच्यासारख्या होतकरूंना सल्ले देतायत. आणि वैताग असा, की ते सल्ले बरोबर निघतात.

"ज्या दाराची चावी आपल्या खिशात, तोच सीन लिवायचा." हे मला ऐकावं लागलं, कारण मी पहिल्याच गोष्टीत विमानतळ घातला होता. "हाय का विमानतळाची चावी तुझ्याकडं?" नव्हती. मी शाळेत क्लार्क, माझ्याकडे स्टेशनरीच्या कपाटाची चावी. "आवाज शुक्रवारी घ्यायचा, लूमला सुट्टी असते." "आधी भजी, मग ॲक्शन. उपाशी माणूस फोकस चुकवतो."

त्या विमानतळाच्या गोष्टीत प्रेयसी परदेशी जाते. मी घामाघूम होऊन विमान झालो, प्रेयसी झालो, रडलो. इद्रिसभाई हळहळला. लूम थांबल्यावर म्हणाला, "साहब की भैंस खो गयी है. मिल जाएगी, इन्शाल्ला." त्यानंतर महिनाभर शेडमधले लोक मला म्हशीची खुशाली विचारत होते.

दुसरी गोष्ट मात्र जमली. वळ गावच्या गोडाऊनमध्ये पार्सलं भरणारी एक बाई. दुसऱ्यांच्या वाढदिवसाची खोकी बांधता बांधता एकदा ती स्वतःच्याच पत्त्यावर एक खोकं पाठवते. खोकं घरी येतं, शेजारीण विचारते, "कुणी पाठवलं गं?" ती म्हणते, "हाय एक माझं माणूस." संपलं. इद्रिसभाईला खोकं कळलं, पत्ता कळला, शेजारीणसुद्धा कळली. शेवटची ओळ तेवढी कळली नाही.

"काप ती," दादा म्हणाले.

"दादा, अख्खा पिक्चर त्या ओळीवर उभा आहे!"

"मग तो लंगडा हाय."

माझं डोकं सणकलं. तीन दिवसांच्या खांद्याने मला अक्कल शिकवावी? मी ओळ ठेवली. ओळखीच्या गोडाऊनमध्ये, शुक्रवारी शुक्रवारी, भजी खाऊ घालून पिक्चर पुरा केला आणि दादांशी बोलणं टाकलं. सोमवारी तो एका महोत्सवाला पाठवायचा होता, शेवटची तारीख. पण खोटं कशाला बोलू, दादांनी पास म्हटल्याशिवाय माझा हात पुढे होईना. रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मुकाट अंजूरला त्यांच्या घरी गेलो. घरी जायची ती पहिलीच वेळ.

दार काकूंनी उघडलं. मी "दादा आहेत का?" विचारलं, तर त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. आतून दादा आले. "त्याच शेडमध्ये वीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या हिनं," ते म्हणाले. "ऐकू न्हाय येत आता. पिच्चरची लय हौस. थेटरात लोक हसले की हसते, मग घरी आल्यावर मला विचारते, का हसलो आपण?"

भांडणाचा विषय त्यांनी काढला नाही. काकूंना मधोमध बसवलं आणि म्हणाले, "लाव."

दादांनी पिक्चर बघितलाच नाही. ते पूर्ण वेळ काकूंचं तोंड बघत होते. बाई खोक्यावर स्वतःचं नाव लिहिते तिथे काकू तोंडाला पदर लावून हसल्या आणि दादांच्या मांडीवर चापटी मारली. माझी छाती फुगली. मग शेजारीण आली, बाई पाठमोरी झाली आणि माझी लाडकी ओळ बोलली. काकूंचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्या दादांकडे बघायला लागल्या.

दादा त्यांच्याकडे वळले. भुवया उडवून शेजारणीसारखं विचारलं, कुणी पाठवलं? मग आपला पंजा सावकाश स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान हलवली. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी तसाच आपलाही हात छातीवर ठेवून मला दाखवला, बरोबर समजले ना, अशा नजरेने.

मला माझीच लाज वाटली. दादांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हिच्या बाजूला मी बसतो. दर घरात कोन बसनार हाय?"

मी लॅपटॉप बंद केला. सोमवारची तारीख जाऊ दिली आणि शुक्रवारी, ती ओळ कापून, शेवटच्या सीनला पुन्हा कॅमेरा लावला.