भिकाजीची उलटी दाढी

भिकाजी दुकानात शिरला की राम राम नंतर. आधी तो काउंटरवर वाकायचा, डावा गाल माझ्यापुढे करायचा आणि म्हणायचा, "शेठ, फिरवा हात. खालून वर." समोर बांगड्या बघणाऱ्या बायका असोत की वह्या घ्यायला आलेले मास्तर असोत, त्याला काही सोयरसुतक नसे. हात फिरवल्याशिवाय तो हलायचा नाही, म्हणून मी मुकाट्यानं फिरवायचो. हनुवटीकडून कानाकडे.

"टोचतंय?"

"थोडंसं."

"म्हंजे ह्ये यंत्र बी खोटं," असं म्हणून तो खिशातून दाढीचं यंत्र काढायचा आणि माझ्यासमोर आपटायचा.

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावर माझं कटलरीचं दुकान होतं, आणि आमच्याच आळीतला भिकाजी हेडी होता, म्हणजे बैलांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्याच्या शब्दाला किंमत होती. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही, घरी फक्त म्हातारी आई. दाढीकडे त्यानं जन्मात लक्ष दिलं नव्हतं. न्हाव्याच्या तावडीत सापडला तर गाल दिसायचे, नाहीतर बैलाच्या आणि मालकाच्या तोंडावर सारखेच केस. आणि एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात या माणसानं एकाएकी पण केला, की दाढी रोज करायची आणि उलटीच करायची.

सुलटी म्हणजे केसांच्या कलानं, कानाकडून खाली. ती कोणीही करतो. उलटी म्हणजे खालून वर, केसांच्या विरुद्ध. न्हाव्यानं तर हातच जोडले. "रोज उलटा वस्तरा फिरवला तर गालावर फोड यीत्याल, आन् नाव माझं खराब हुईल," म्हणाला. तेव्हा ही पीडा माझ्याकडे आली.

भिकाजीनं सेफ्टी रेझर बैलासारखा पारखायला घेतला. आधी तोंड उघडून बघितलं. मग तळहातावर तोलला. मग काउंटरवर चार वेळा मागंपुढं ढकलला. "ह्ये काय चाललंय?" मी विचारलं. "चाल बघतुय." पसंत पडल्यावर त्यानं उपरणं पसरलं, खाली माझा हात धरला आणि बोटं दाबायला लागला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटांनी ठरवतात, हे मलाही ठाऊक होतं.

"अरे, किंमत डबीवर छापलीय!" मी ओरडलो.

"छापनारा बाजारात उभा हुता का?" म्हणत त्यानं आणखी दोन बोटं दाबली. नेमक्या त्याच वेळी आत आलेल्या मास्तरीणबाई दोरा न घेताच परत गेल्या.

पहिलं यंत्र हलकं होतं. उलटं चालवलं की उड्या मारायचं. "बुजरं हाय," असा शेरा मिळून ते परत आलं. दुसरं दातेरी. त्या दिवशी भिकाजी गालभर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून आला. "मारकं निघालं." तिसरं प्लास्टिकचं, रंगीत मुठीचं. "नुसतं चाटतंय, शेठ." मी भडकलो. वापरलेलं यंत्र परत घ्यायला मी काय धर्मशाळा उघडली होती?

"खोड निघाली तर बैल माघारी घ्यायचा रिवाज हाय," तो शांतपणे म्हणाला.

"अरे बाबा, सुलटी कर आणि गप बस की!"

"सुलटं कुनीबी गुनाचं असतंय. उलटं हाकल्यावर कळतंय."

"पण तुझ्या गालावरून खालून वर हात फिरवणारं आहे कोण?"

एरवी शब्दाला शब्द देणारा भिकाजी उपरण्याची घडी करत राहिला. "हाय येकजन," एवढंच बोलला आणि गेला. झालं. घोडेगावला त्याचं कुठंतरी जमलंय, असं संध्याकाळपर्यंत साऱ्या गावानं ठरवून टाकलं. मीही त्यात हातभार लावला.

पुढे मालासाठी नगरला गेलो होतो, तेव्हा जुन्या बाजारात एक पितळी यंत्र दिसलं. आखूड मूठ, चांगलं वजनदार, दाते नसलेलं. घेतलं, आणि दिवेलागणीला स्वतःच त्याच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर ती घोडेगावची भानगड काढून घ्यायची होती.

दार उघडंच होतं. आत बाजेवर त्याची आई पडली होती. तिची नजर कधीच गेली होती. थोरला सदाशिव पलटणीत होता, तो लढाईत गेला. तार आली तेव्हा म्हातारीनं ऊर बडवून घेतला होता, पण उन्हाळ्यापर्यंत ते सारं तिच्या मनातून पुसलं गेलं, आणि रोज संध्याकाळी ती विचारायला लागली, "सदा आला का?" हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्याचं उत्तर त्या घरात काय मिळतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

भिकाजी बाजेशी वाकला होता. म्हातारीचा हात अंथरुणातून वर आला आणि त्याच्या हनुवटीवरून कानाकडे गेला. पडल्या माणसाचा हात खालून वरच जातो.

"सदा, टोचतोस रं आज. पलटनीत कुनी बोलत न्हाई व्हय?"

"घाईत आलो, आये," भिकाजी म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. रजेवर आलेला सदाशिव असाच ताठ बोलायचा, आणि त्याचा गाल असा गुळगुळीत असायचा की बघत राहावं. पितळी यंत्र उंबऱ्यावर ठेवून मी मागच्या पावली परतलो.

ते यंत्र गुणाचं निघालं. आधी सुलटी, मग ऊन पाण्याचं फडकं, मग उलटी, आणि अजिबात दाबायचं नाही, वजनानं चालू द्यायचं. माझा हात कुठंही अडेना. पावसाळाभर सदाशिव रोज संध्याकाळी रजेवर येत राहिला. दिवसा भिकाजी बाजाराला असे, भाकरतुकडा शेजारीण देई. घरी यायचा तो भाऊ होऊनच.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी तो आला, तर तोंडावर चार दिवसांचे खुंट.

"यंत्र मोडलं?"

"न्हाई." तो स्टुलावर बसला. "आई म्हनली, सदा, तू रोज येतुस, पर भिक्या कुठं हाय रं? लई दिस झालं, माझ्याकडं फिरकला न्हाई. दाढी टोचती म्हनून मी बोलले हुते येकदा. तेच मनाला लावून घेतलं आसंल. त्याला म्हनावं, टोचू दे." नाक पुसून तो म्हणाला, "चार दिस सदाला धाडला न्हाई, आज भिक्या जानार हाय. तुमी चला संगं."

मारक्या बैलाच्या शिंगाला हात घालणारा माणूस, पण घराच्या दारात त्याचे पाय अडखळले. मीच त्याला आत ढकललं. तो बाजेशी बसला आणि गाल पुढे केला. म्हातारीचा हात वर आला, हनुवटीवर थबकला, मग सावकाश गालावर चढला.

"भिक्या?"

"व्हय, आये."

"किती टोचतोस रं," ती म्हणाली, पण हात काही तिनं काढला नाही.