‘रखमा’ची तेलमालिश

“रविवारपर्यंत हे सागवान आरशासारखं चमकवीन! नाहीतर खुशाल तोडा ‘रखमा’ला!”

माझगावच्या धक्क्याला लागलेल्या, बाबांच्या जुन्या लाँचवर उभं राहून अक्षताने जगदीशकाकांना बजावलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एरवी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे. आज धक्क्यावरच्या कोळणींनी माना वळवल्या!

बाबा गेल्यापासून लाँच नुसती उभी होती. कठडे करडे पडले होते, फळ्यांना हत्तीच्या पायासारख्या भेगा! परळच्या पुष्करशेटना ते लाकूड हॉटेलातल्या टेबलांसाठी हवं होतं आणि काका निम्मे तयार झाले होते.

“अगो बाय, माशाचा तेल लाव आणि मोकळी हो. तुझो बापूस ताच लावायचो.”

“काका, मी एम.एस्सी. आहे! त्या वासाने अख्खं माझगाव पळेल. मी अळशीचं तेल आणलंय.”

तिने आपला पांढरा कॅन केबिनमध्ये बाबांच्या पांढऱ्या कॅनशेजारी ठेवला. गोंधळ नको म्हणून एका झाकणावर ‘अळशी’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘मासा’.

आठवडाभर कॉलेज सुटलं की ती ॲसिडच्या पाण्याने फळ्या धूत होती, पॉलिशपेपरने घासत होती. हातमोजे, चष्मा, वास अडवणारा जाडजूड मास्क! डासांचा धूर मारायला आलेली वाटायची. रविवारी सकाळी तिने तेल चढवलं आणि सागवान हापूसच्या रसासारखं पिवळंधमक झळकलं!

एक मांजर येऊन बसलं. मग सात झाली. वर घारी फिरू लागल्या. ‘कदर आहे मुक्या प्राण्यांना,’ अक्षता मास्कच्या आत हसली.

पुष्करशेट काकांबरोबर आले. लांबूनच ओरडले, “अरे, हे तर सोनं आहे! उद्याच कापायला माणसं पाठवतो!”

अक्षताने दोन्ही हातांनी कठडा धरला. मेहनत करून तिने होडीचं मरणच जवळ आणलं होतं!

शेट लाँचवर चढले. थबकले. नाकाला रुमाल गेला. “इथे कोण मेलंय?” तेवढ्यात एका मांजराने त्यांच्या पँटवर झेप घेतली. “यावर गिऱ्हाईक जेवणार? नको रे बाबा!” शेट उलट पावली धक्क्यावर!

अक्षताने मास्क काढला. एकच श्वास घेतला आणि मटकन खाली बसली.

“मी दोनव कॅन उघडून बघितले होते,” काका डोकं खाजवत म्हणाले. “झाकणा इकडची तिकडे बसली वाटता.”

“असू दे! पैज चमकेची होती, वासाची नव्हती. चमकतंय की नाही?”

“चमकता तर!”

“मग ‘रखमा’ राहणार!” मान ताठ करून ती म्हणाली. मांडीवर दोन मांजरं होती.

सोमवारी वर्गात तिने पहिल्या वर्षाचा नेहमीचा नियम फळ्यावर लिहिला : ‘लेबल बाटलीवर लावावे, झाकणावर कधीही नाही.’ तो तिला ओरडून वाचावा लागला.

पुढचे चारही बाक रिकामे होते.