पाव्हणं जाऊ द्या

आमच्या गल्लीवरून विमान जायला लागलं की खंडूतात्या बोलता बोलता उजवा हात वर करतात आणि म्हणतात, "पाव्हणं जाऊ द्या." मग साऱ्या गल्लीने तोंड मिटायचं. भांडण चालू असेल तर तेही जागच्या जागी थांबवायचं. विमान गेलं की हात खाली येतो आणि तात्या सोडलेलं वाक्य त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. एकदा ते सांगत होते, "त्या नगरसेवकाला मी बखोटीला धरलं आन्..." आणि नेमकं विमान आलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आवाज विरला, तात्यांचा हात खाली आला. "...चहा पाजला."

चिकलठाण्याला धावपट्टी संपते तिथे आमची गल्ली सुरू होते. मध्ये एक भिंत आणि चार बाभळी. तात्यांची उमर मेंढरांमागे गेली, मग एमआयडीसीतल्या कारखान्यात गेली आणि आता रिटायर झाल्यावर ती विमानांना शिव्या देण्यात चालली आहे. "इमानानं पार बेजार केलं," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की आम्हाला आता विमानापेक्षा तेच जास्त ऐकू येतं.

तोंड मिटायचं म्हणजे बोलायचं नाही असं मात्र नाही. हातांनी बोलायचं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंच्या आधी तात्यांनीच माझी शिकवणी सुरू केली. "धनगराच्या खुणा हायेत पोरी. माळावर वाऱ्यात वरडून काय उपेग? हातानंच बोलावं लागतं." अंगठा ओठाला लावला की चहा. कमरेवर घागर धरून मूठ फिरवली की नळाला पाणी आलं. डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं की सासूबाई येताहेत, विषय बदला. ही शेवटची खूण मी सगळ्यांत लवकर शिकले. विमानाच्या वर आवाज चढवून कुणी ओरडलं की तात्या खवळतात. "देवानं दोन हात काय नुसतं जेवायला दिलेत व्हय?"

या खोडीपायी त्यांनी माणसं घाबरवून सोडली आहेत. गंगापूरला भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि मांडवाबाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. सवयीने तात्यांचा हात वर. गुरुजी बिचारे "शुभ मंगल" एवढ्यावरच थांबले आणि आपलं काय चुकलं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

माझ्या नणंदेला बघायला जालन्याहून पाहुणे आले, तेव्हा तर आमची अब्रूच जायची. मुलाचे वडील काहीतरी विचारणार तोच विमान आलं. आम्ही घरचे सगळे गप्प झालो आणि हात चालवायला लागलो. तात्यांची बायको, हरणामावशी, त्या दिवशी पोहे करायला आमच्याकडेच होती. मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने दारातूनच खुणेने सांगितलं, मुलगा झकास आहे, फक्त कान जरा मोठे आहेत. आम्ही आवाज न करता हसलो. पाहुण्यांचे चेहरे उतरले. विमान गेल्यावर मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "ह्या घरात ऐकू कुणालाच येत नाही का?"

बैठकीत बसलेले तात्या म्हणाले, "समद्यांना येतं. पण ऐकून घेनाऱ्या घरातली पोरगी हाये. चुपचाप न्या." लग्न जमलं.

आणि मग गेल्या वर्षी धावपट्टी वाढणार असं ठरलं. मोठी विमानं उतरायची तर जागा हवी, आणि जागा म्हणजे आमची गल्ली. आधी दोघं जण आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले आणि तात्यांच्या गच्चीवर बसले. विमान आलं तसा आकडा वर चढला, विमान गेलं तसा उतरला, आणि लगेच पुन्हा उसळला. थोपवून धरलेलं बोलणं गल्लीने एकदम सुरू केलं होतं. यंत्रवाले चक्रावून गच्चीवरून खाली वाकून बघत राहिले.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. शहराभोवती वेगवेगळ्या ठिकाणी प्लॉट मिळणार होते, ज्याने त्याने आपल्या सोयीचा निवडायचा, नाहीतर पैसे घ्यायचे. आम्ही गारखेड्यात फ्लॅटच बघून ठेवला होता. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. तात्या तर पेढे वाटतील असं वाटलं होतं. पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, न्यायचं तर गल्ली उचलून एका जागी न्या. पांगवू नका."

साहेब समजुतीने म्हणाले, "अहो आजोबा, तिकडे विमानाचा त्रास नाही. अगदी शांत आहे."

"तीच तर अडचन हाये," तात्या म्हणाले. सगळं सभागृह हसलं. मीही हसले.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. मावशी दाराच्या आत लसूण सोलत होती. तात्या आपणहून म्हणाले, "इथं नवीन राह्यला आलो तवा बाया हिच्यापाशी बसायच्या. घडीभर. मंग आपसात बोलत उठून जायच्या. ही दारात एकलीच. एक दिवस इमान आलं. येकीचं येकीला ऐकू येईना, समद्या गप. तवा हिनं हात केला, नळाला पानी आलं म्हून. आन् समद्यांनी वळून हिच्याकडं पाह्यलं. तिचं त्ये तोंड तू बघायला पायजे व्हतं. म्या म्हनलं, आता हे सोडायचं नाय."

"म्हणजे त्या धनगरांच्या खुणा?"

"कुठल्या धनगराच्या! मेंढराला काय नळाचं पानी येतं व्हय? समद्या हिच्या हायेत."

इतकी वर्षं आम्ही विमानापायी हात हलवतोय असं समजत होतो, आणि या माणसाने विमानाच्या नावाखाली साऱ्या गल्लीला बायकोची भाषा शिकवली होती. त्या खुणा एकट्याने बोलता येत नाहीत. गल्ली पांगली की मावशी पुन्हा दारात एकटी.

"तुमचं तर गारखेड्यात ठरलंय," तात्या म्हणाले, "आता..."

विमान आलं. तात्यांचा हात वर गेला. तो दिसताच मावशी नेहमीसारखी हातातलं टाकून ओट्यावर आली. तिने माझ्याकडे बोट केलं, मग दोन्ही तर्जन्या एकमेकींना लावून धरल्या. ही तिची शेजाराची खूण. आणि भुवया उंचावून ती थांबली.

घरी नवऱ्याला काय सांगायचं ते नंतर बघता येईल, असं मनाशी म्हटलं आणि मीही दोन्ही तर्जन्या जुळवल्या.

विमान गेलं. तात्यांचा हात खाली आला, पण सोडलेलं वाक्य काही त्यांनी पुढे सुरू केलं नाही.