जुन्या सायकलीची सही

विजेच्या सायकलीचा विमा उतरवायचा तर घरातल्या जुन्या सायकलीची सही लागते, आणि माझ्या जुन्या सायकलीनं सही करायला नकार दिला.

सही म्हणजे काही अवघड काम नसतं. विमा कचेरीत एका पसरट ताटलीत शाई ठेवलेली असते. तिच्यातून सायकलीनं पुढचं चाक फिरवायचं आणि अर्जाच्या तळाशी आखलेल्या चौकटीवरून न्यायचं. माझ्या आधी रांगेत तावरे पोस्टमन होते, त्यांच्या सायकलीनं चालता चालता सही केली आणि भिंतीला जाऊन टेकली. माझी मात्र ताटलीच्या वीतभर अलीकडे ब्रेक लावून उभी राहिली. "बाई," ती म्हणाली, "मी अर्ज वाचलाय. मला यावर सही करता येणार नाही."

कचेरीतले नजीर बागवान गेली वीस वर्षं हेच काम बघतात. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी वहीत 'हरकत प्राप्त' असं लिहिलं आणि मला पोच दिली. पंधरा दिवसांत सही झाली नाही तर अर्ज निकाली निघेल आणि दुकानात माझ्या नावानं ठेवलेली सायकल यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, हे त्यांनी समजावून सांगितलं. सही झाली की जुनी सायकल कार्यमुक्त होते आणि त्यानंतर बोलत नाही, हेही सांगितलं. ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं.

"घरातल्या घरात मिटवा, सिस्टर," ते म्हणाले. "बहुतेकांचं मिटतं."

मी इंदुमती वायदंडे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. खालचं गाव आणि वरची डोंगरवाडी माझ्याकडे होती. वाडीला जायला एकच रस्ता, तीन वळणांचा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चढ. मागच्या कॅरिअरला लशींची पेटी बांधलेली, आत बर्फाचे खडे खडखडतायत, हँडलला पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि माझा डबा. वाटेत बायका हात करून थांबवायच्या, कुणाचं पोर दाखवायच्या, कुणी पदराखालून चार शेंगा काढून पिशवीत टाकायच्या. त्या दिवसांत मला कधी थकवा आला असेल, पण आता आठवतो तो फक्त शेंगांचा वास. माणसाची आठवण मोठी लबाड असते, आणि मी तिला कधी रागावलेले नाही.

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. माझे दोन्ही गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. तरी मला वाडीला जावंच लागतं, कारण वर हौसाबाई येडगे राहते. हौसाबाई वाडीची सुईण. दवाखान्याच्या कागदावर बाळंतपणं माझ्या नावावर आहेत, पण त्यातली निम्मी तिच्या हातांनी झाली आणि मी कंदील धरून उभी होते. आता तिला साखरेचा आजार आहे आणि उजव्या पायाला जखम. एक दिवसाआड ड्रेसिंग करायला लागतं आणि ती माझ्याशिवाय कुणाला पायाला हात लावू देत नाही. आठवडाभर जखम तशीच राहिली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गेले सहा महिने मी दुधाच्या गाडीतून जात होते. ती फेरी महिनाअखेर बंद होणार होती. म्हणून विजेची सायकल, म्हणून विमा, आणि म्हणून मी त्या दिवशी घरी येताना जुन्या सायकलीशी एक अक्षर बोलले नाही.

संध्याकाळी पडवीत तिला उभी करून मी विचारलं, हरकत कशाला आहे? ती म्हणाली, रकाना चौदाला.

रकाना चौदा असा होता: 'जुन्या वाहनावरून चढलेले चढ व चढण्याची रीत.' तो भरताना मी फार विचार केला नव्हता. निवृत्तीच्या वेळी ग्रामपंचायतीनं मला मानपत्र दिलं होतं, ते बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. त्यातली ओळ मी जशीच्या तशी उतरवून काढली: 'तीस वर्षे डोंगरवाडीचा चढ एकदाही पायउतार न होता सायकलीवरून चढल्या.' ओळ माझी नव्हती. त्या वेळच्या सरपंचांनी लिहिली होती, आणि त्यांना लिहायची हौस होती. मी फक्त ती वाचली जात असताना शालीत मान खाली घालून बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग लोक तसंच बोलायला लागले. माझ्या नातीनं शाळेतल्या भाषणात ते सांगितलं आणि तिला बक्षीस मिळालं. इतकं झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं की मी दुसऱ्या वळणावर रोज उतरत होते आणि तिथून वाडीपर्यंत सायकल ढकलत नेत होते?

हे फक्त सायकलीला माहीत होतं.

मी तिला समजावलं. यात कुणाचं नुकसान आहे, म्हटलं. मी रागावले, तुझी तीस वर्षं सेवा केली ती यासाठी का, असंही म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी चेनला तेल घातलं, घंटीवरचा गंज काढला, सीटला नवं कव्हर आणलं. तिनं सगळं करून घेतलं, आभार मानले, आणि मत बदललं नाही. मधल्या काळात दुधाच्या गाडीवाल्यानं शेवटची तारीख सांगितली. हौसाबाईला मी काही बोलले नाही. तिची जखम कडेनं भरत आली होती आणि मधे अजून ओली होती.

आठव्या दिवशी सुनावणी लागली. बागवानांनी टेबलापुढे एक खुर्ची माझ्यासाठी ठेवली आणि सायकलीसाठी स्टँडखाली लाकडाची फळी. कचेरीत आणखी चार-सहा माणसं आपापल्या सायकली घेऊन बसली होती. बागवानांनी मला विचारलं, मजकूर खरा आहे का? मी म्हटलं, मानपत्रात आहे. ते म्हणाले, ते मी वाचलंय, सिस्टर, मी त्या समारंभाला होतो. मग त्यांनी नियम सांगितला. मजकूर दुरुस्त करता येतो. दुरुस्त केलेला अर्ज सात दिवस बाहेरच्या फळ्यावर लावावा लागतो, कुणाची हरकत असेल तर ती मागवण्यासाठी. फळा बाजाराच्या तोंडावर आहे. भाजी घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस तो वाचतो.

मला लाज वाटली, आणि ती मी लपवत नाही. साठी उलटलेल्या बाईनं एका चढावरून खोटं ठरायचं. नात शाळेला त्याच रस्त्यानं जाते. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला हौसाबाईचा पाय, असं मनात ठेवलं तेव्हा खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी सायकलीकडे वळून विचारलं, "तुला इतकं खरं-खोटं कधीपासून लागायला लागलं? दर वर्षी दवाखान्यातल्या वाहनांच्या तपासणीला, तुला मोडीत काढू नयेत म्हणून, मी तुझं वय दोन वर्षं कमी सांगत होते, तेव्हा कुठे बोललीस?"

"खऱ्या-खोट्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण बाई, चालवताना तुम्हाला धाप लागायची, तुम्ही बोलत नव्हता. दुसऱ्या वळणावर उतरलात की बोलायला लागायचा. सासूबाईंचं, बदलीचं, ते सातव्या महिन्यातलं बाळ गेलं त्याचं. तुम्ही कधी उतरलातच नाहीत असं मी सहीनं मान्य केलं, तर ते सगळं आपण बोललो कधी?"

बागवानांनी लेखणीचं टोपण काढलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

मी रकाना चौदा खोडला आणि वरती बारीक अक्षरात लिहिलं: 'दुसऱ्या वळणापर्यंत चालवीत. पुढे पायी, बोलत.' बागवानांनी खाडाखोडीवर आपली आद्याक्षरं घातली. सायकलीनं ब्रेक सोडला, ताटलीतून चाक फिरवलं आणि चौकटीवरून सरळ नेलं. ठसा स्वच्छ उमटला. मी तिला विचारलं, बरं वाटतंय का? ती कार्यमुक्त झाली होती. मी तिला हाताला धरून चालवत घरी नेलं आणि वाटभर एकटीच बोलत राहिले. रडूही आलं, पण रस्त्यात रडायची मला सवय नाही, म्हणून घरी जाऊन रडले.

अर्ज सात दिवस फळ्यावर होता. हरकत एकही आली नाही. तावरे पोस्टमन तेवढे भेटले, त्यांनी नेमकं कोणतं वळण ते विचारून घेतलं. नातीला मी स्वतःच सांगितलं. तिनं विचार करून म्हटलं की बक्षीस परत मागितलं नाही तर ती काही बोलणार नाही.

पंधराव्या दिवशी विम्याचं पत्र मिळालं आणि दुकानातून नवी सायकल सुटली. रंग निळा, वजन भरपूर, पुढे छोटा दिवा. नव्या सायकली पहिल्या दिवसापासून बोलू शकतात, पण बहुतेक लाजतात. हिनं चढाच्या पायथ्याशी बॅटरी किती आहे ते सांगितलं आणि त्यानंतर गप्प बसली. मी पायडलवर पाय ठेवले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं कधी गेलं ते कळलं नाही. धाप नाही, घाम नाही. तीस वर्षं जे करत होते असं लोक म्हणत होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं, आणि बघायला कुणी नव्हतं.

हौसाबाई दारात पाय पसरून बसली होती. मला बघून ती दचकली. चूल थंड होती. मी पेटी उघडली, हात धुतले, जुनी पट्टी सोडवली. जखम मधूनही भरायला लागली होती. तिला ते सांगितलं तरी तिचं लक्ष नव्हतं. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा चुलीकडे बघत होती.

"आज आवाज न्हाई आला गं तुझा," ती म्हणाली.

मी विचारलं, कसला आवाज?

"बोलण्याचा. दुसऱ्या वळणापासनं बोलत येतीस न्हवं सायकलीसंगं. समद्या वाडीला ऐकू येतंय. त्यो आला की मी च्या ठेवती. दुधाच्या गाडीतनं येत हुतीस तवा भोंगा तरी वाजायचा. आज काय कळायलाच मार्ग न्हाई."

मी पट्टी बांधत राहिले. मग म्हटलं, सायकल नवी आहे, अजून तशी ओळख झालेली नाही.

हौसाबाईनं दाराबाहेर उभ्या असलेल्या निळ्या सायकलीकडे नीट बघून घेतलं. मग काठी टेकत उठली आणि चुलीपाशी जाऊन काटक्या मोडायला लागली.

"मग परवाच्यानं उतरत जा," ती म्हणाली. "च्या वेळंवर नगं का?"

चहा व्हायला वेळ लागला. आम्ही बसून राहिलो. घरी आल्यावर मी विम्याच्या पत्रातल्या अटी पुन्हा वाचल्या. चढावर मोटार चालू ठेवून उतरायला मनाई आहे. बंद करून उतरायला नाही.