थंडी खालून लागते

"आप्पा, एक सही तर पायजे नुसती," ऋतिका म्हणाली.

"सही म्हंजे काय परड्यातला कढीपत्ता हाय? आली, तोडली, गेली?" मारुतीरावांनी कानटोपी खाली ओढली आणि फॉर्म टेबलावर परत सरकवला.

फॉर्म शाळेच्या क्याम्पचा होता. खानापूरच्या जंगलाच्या कडेला तीन दिवस, दोन रात्री. तंबू कमी पडत होते म्हणून खेळाच्या गोमटेश सरांनी दहावीच्या मुलींसाठी झोळ्या आणल्या होत्या. दोन झाडांना बांधायची, आत शिरायचं, झोपायचं. घडी केली की नारळाएवढी. सरावासाठी सरांनी प्रत्येकीला एकेक घरी दिली होती. त्रिशलाला घरून परवानगी मिळून चार दिवस झाले होते आणि ती रोज मधल्या सुट्टीत आपण कुठली टोपी नेणार ते सांगायची. ऋतिका पंधरा वर्षांत घरच्यांशिवाय कंग्राळीच्या बाहेर एक रात्रही राहिली नव्हती. फॉर्म सोमवारी द्यायचा होता, आणि आज शनिवार होता.

मारुतीराव बेळगावच्या कोर्टात क्लार्क. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या सह्या तपासण्यात गेल्यामुळे स्वतःची सही ते प्रसादाच्या पेढ्यासारखी जपून वाटत. समोर कुणी सहीऐवजी अंगठा पुढे केला की "या काळात अंगठा? शोभतं का?" असं पाच मिनिटांचं भाषण ठरलेलं. शिवाय त्यांना थंडी बाधायची. दसऱ्याला चढलेली कानटोपी होळीला उतरायची, मधे फक्त केस कापायला सुटी.

"पेपर बघ. पारा नऊवर आलाय. असल्यात झाडाला लोंबकळून निजायचं? माणूस हाईस का वटवाघूळ?"

"लोक बर्फात निजत्यात आप्पा, झोळीत. मी मोबाईलवर बघितलंय."

"त्यांस्नी घरं नसतील." मग मारुतीरावांना एकदम एक कल्पना सुचली आणि ती त्यांना फार आवडली. "असं करू. आज परड्यात मी निजतो झोळीत. सूर्य उगवंपर्यंत टिकलो तर सही. आधी घरात आलो तर क्याम्पचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

हरण्याची एवढी पक्की खात्री असलेली पैज त्यांनी आयुष्यात लावली नव्हती. दोघांना समजावणारं माणूस, म्हणजे ऋतिकाची आई रचना, आठ दिवस निपाणीला मंगलमावशीकडे वास्तुशांतीसाठी गेलेली. त्यामुळे ऋतिका लगेच म्हणाली, "कबूल!"

संध्याकाळी घरामागच्या परड्यात फणसाच्या खोडाला आणि गोठ्याच्या खांबाला झोळी बांधली. पहिल्यांदा मारुतीराव एका बाजूने चढले आणि दुसऱ्या बाजूने उतरले. म्हणजे पडले. म्हशीने मान वळवून बघितलं. दुसऱ्या खेपेला ते आत राहिले. ऋतिकाने वरून तीन वाकळा घातल्या. दहा मिनिटं गेली.

"ऋतिका."

"काय?"

"वरनं घाम, खालनं बर्फ. पाठीखाली बेळगावची सगळी थंडी भरलीया."

ऋतिकाने एक वाकळ पाठीखाली सारली. ती अंगाच्या भाराने दबून पापड झाली. मग तिने मोबाईलवर बघून एक वाकळ झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला सुतळीने टांगली. ती सुटून शेणात पडली. साडेसात वाजले होते आणि मारुतीरावांचा एक पाय झोळीबाहेर आला होता.

"मी म्हटलो हुतो ना? क्याम्प रद्द. चहा टाक."

"पाच मिनिटं, आप्पा! पाचच!" म्हणून ऋतिका जी पळाली ती थेट गल्लीच्या टोकाला, मालुबाईंकडे.

मालुबाई सत्तरीच्या. गल्लीतलं प्रत्येक मूल आणि प्रत्येक बाळंतीण त्यांच्या हाताखालून न्हाऊन गेलेली. ऋतिकाचं ऐकून त्यांनी तोंडातली मिश्री थुंकली. "थंडी खालनंच लागत्या गं बाई. बाळंतिणीला काय करतोय आपण? बाजंखाली शेगडी ठेवतोय. झोळी काय आन् बाज काय, चल."

त्या काखेत शेगडी, हातात तेलाची वाटी आणि पदरात ओवा, बाळंतशेपा नि लसणाची सालं घेऊन भर गल्लीतून निघाल्या. शेजारच्या यशोदाबाई कट्ट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी मालुबाईंना शेगडीसकट मारुतीरावांच्या दारात शिरताना बघितलं. मेथी तशीच राहिली.

परड्यात मालुबाईंनी हुकूम सोडला, "मारुती, शर्ट काढ. पँट बी."

"मालुआक्का, मी पन्नास वर्षांचा हाय."

"तुला पयली आंघोळ मीच घातलीया. तवा लाजला न्हाईस ते आता लाजतोस? कापडावरनं तेल मुरत न्हाय."

मारुतीराव पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर आले. मालुबाईंनी त्यांना टाळूपासून टाचेपर्यंत रगडलं, कानात कापूस घातला, डोक्याला फडकं बांधलं, एका मऊ जुन्या लुगड्यात गच्च गुंडाळलं आणि ऋतिकाच्या मदतीने झोळीत ठेवून वर वाकळ घातली. खाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकली. धूर झोळीला लपेटून वर गेला, फणसाला वळसा घालून भिंतीपलीकडे उतरला आणि सावकाश सगळ्या गल्लीत पसरला.

मारुतीराव "थोडं डावीकडं सरकवा शेगडी" एवढंच बोलले आणि घोरायला लागले.

आता, बाळंतशेप्याच्या धुरीचा वास न ओळखणारी बाई कंग्राळीत नाही. सकाळी सहाला, उजाडायच्या आधी, यशोदाबाई भिंतीवरून डोकावल्या. मालुबाई शेगडी फुंकत होत्या.

"मालुबाई, सगळं बरं हाय न्हवं?" यशोदाबाईंनी हळूच विचारलं.

"बरं हाय की. आता निजलंय शांत. सांजच्याला लई कुरकुरत हुतं."

"आन् वजन?"

मालुबाईंनी झोळीच्या दोऱ्यांकडे बघितलं. "चांगलं भरदार हाय." एवढं सांगून त्या आंघोळीचं पाणी तापवायला घरात गेल्या.

यशोदाबाईंनी लगेच जयाबाईंना सांगितलं. जयाबाईंनी दूध घेता घेता भावकूला सांगितलं. भावकू कंग्राळीचं दूध मोटारसायकलवरून पार अनगोळपर्यंत घालतो, त्यामुळे पुढची काळजी मिटली.

"रचना आठ दिस दिसली न्हाई, ते काय उगंच?" जयाबाई म्हणाल्या. "त्रेचाळीसाव्या वर्षी गं! पत्ता लागू दिला न्हाई!"

सव्वासहाला परड्यात नऊ बायका उभ्या होत्या. कुणी टोपडं आणलं होतं, कुणी झबलं, कुणी डिंकाचे लाडू, जयाबाईंनी काजळाची डबी. मारुतीरावांना जाग आली ती या कुजबुजीने. नऊ बायका आणि आपण चड्डीवर, हे ध्यानात येताच त्यांनी डोकं वाकळीखाली घेतलं आणि श्वाससुद्धा बारीक केला.

आणि इथे ऋतिकाने खरं सांगायला हवं होतं. पण सूर्य उगवायला अजून पाऊण तास होता. बायका हटल्या असत्या तर आप्पा झोळीतून उडी मारून घरात पळाले असते. बायका होत्या तोवर ते हलणार नव्हते. ऋतिकाने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला काकी. उठवू नका."

"न्हाई गं माझे बाई. तीट तेवढी लावतो." जयाबाईंनी काजळाचं बोट वाकळीखाली घातलं, चाचपलं आणि त्या थबकल्या. "यशोदाबाई! जावळ लई दाट हाय."

"असतंय एकेकाला."

"व्हय, पन नाकाखाली?"

एवढ्यात यशोदाबाईंना आठवलं. "बाळ हितं हाय. बाळंतीण कुठं हाय गं, ऋतिका?"

"आई? आई निपाणीला," ऋतिका खरं तेच बोलली.

नऊ बायकांनी एकमेकींकडे बघितलं. यशोदाबाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रचना, सुटलीस गं बाई! अभिनंदन!"

"कशाचं?" पलीकडून रचनाबाईंचा झोपाळू आवाज आला.

"पोर झालं की!"

"कुणाला?"

"तुला!"

"मला? मी निपाणीत हाय."

"म्हंजे निपाणीत झालं व्हय?"

"अवो, कुठंच झालं न्हाय!"

"मग हितं तुझ्या परड्यात झोळीत कोण हाय? शेगडी हाय, धुरी हाय, मालुबाई रातीपास्नं हाईत."

पलीकडे पांघरूण झटकल्याचा आवाज आला. मग रचनाबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमचे ह्ये कुठं हाईत?"

"दिसले न्हाईत बाई सकाळधरनं."

फोन कट झाला. रचनाबाईंना निपाणीहून बेळगावची पहिली बस मिळाली असं नंतर कळलं.

सात वाजता सूर्य उगवला. सगळ्या परड्यावर पिवळंधमक ऊन पडलं. ऋतिका जिंकली होती! ती आनंदाने ओरडणार होती, पण कुणाला सांगणार? आप्पांना उतरता येत नव्हतं आणि बायका हलत नव्हत्या. रचना येईपर्यंत बाळाला सोडून कशा जातील? त्यांनी म्हशीला वैरण घातली, चहा केला, लाडू खाल्ले. साडेआठच्या सुमारास कुणीतरी म्हणालं, पोर निजून निजून कंटाळलं असंल, आणि चौघींनी मिळून झोळीला झोका दिला.

"जड हाय गं!"

"मालुबाई म्हटल्या की, भरदार हाय."

पाळणा सुरू झाला. पहिल्या कडव्याला झोका लहान होता. दुसऱ्याला मोठा झाला आणि झोळी खाली खाली येत शेगडीला लागली.

"भाजलो की ओ!" झोळीतून कोर्टात पुकारा करावा तसा आवाज आला.

पाळणा थांबला. काजळाची डबी खाली पडली.

"बाळ बोललं," यशोदाबाई म्हणाल्या.

त्याच क्षणी परड्याचं दार धाडकन उघडलं. रचनाबाई आत आल्या. पिशवी फेकली, बायका बाजूला सारल्या आणि वाकळ ओढली. आत लुगड्यात गुंडाळलेले, तेलाने चकाकणारे, डोक्याला फडकं आणि मिशीच्या शेजारी काजळाची भलीमोठी तीट लावलेले मारुतीराव होते.

"रचना," ते म्हणाले, "माझी पँट आन."

बायका अशा पळाल्या की दोघींच्या चपला अदलाबदल झाल्या. रातभर जागून न्हाणीच्या चुलीपुढं डुलकी लागलेल्या मालुबाई तेवढ्या तापलेल्या पाण्याची बादली घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "कोण उठवलं ह्याला?"

रचनाबाई पाच मिनिटं बोलल्या आणि मग उरलेले डिंकाचे लाडू बघून गप्प झाल्या. एक खाल्ला. "ऋतिकाच्या येळंला एवढे लाडू आलं न्हवतं," असं म्हणून दुसरा घेतला.

ऋतिकाने फॉर्म आणि पेन झोळीत सरकवलं. "आप्पा. सूर्य उगवून दीड तास झाला."

मारुतीराव शब्दाला पक्के होते. लुगड्यातून एक हात कसाबसा बाहेर आला. पेन धरलं, ते तेलकट बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा ते शेगडीत पडून वितळलं. ऋतिकाने इकडेतिकडे बघितलं आणि जमिनीवरची काजळाची डबी उचलली.

"न्हाय," मारुतीराव म्हणाले. "जीव गेला तरी न्हाय."

"आप्पा, शब्द दिलासा."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मारुतीरावांनी डोळे मिटून अंगठा लावला.

सोमवारी मधल्या सुट्टीत ऋतिका जवळजवळ नाचत गोमटेश सरांकडे गेली. सरांनी फॉर्म घेतला, नाकाशी नेला, ओव्याचा वास घेतला, अंगठा बघितला आणि फार मायेने तिच्याकडे पाहिलं.

"ऋतिका, मला कळलं हं. आमच्या अनगोळात भावकू दूध घालतो. अभिनंदन. पण घरात कालचं बाळ असताना तू क्याम्पला आलीस तर तुझ्या आईनं काय करायचं? मी तुझं नाव काढलं. पुढच्या वर्षी बघू."

"सर, बाळ न्हाईच!"

"अगं, लाजू नकोस. वडिलांना सही येत न्हाय, त्यातही लाजण्यासारखं काय न्हाय."

पुढच्या वर्षी ऋतिका या शाळेत नसणार होती. घरी येऊन तिने सर काय म्हणाले ते एका दमात सांगितलं आणि ती सरळ खोलीत जाऊन आडवी झाली. जेवलीही नाही. हे मारुतीरावांना थंडीपेक्षा जास्त बाधलं. क्याम्प रद्द झाला होता, म्हणजे त्यांना हवं होतं तेच झालं होतं. तरी ते रात्री तीनदा उठून पोरीच्या खोलीत डोकावले.

मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कानटोपी घातली, मालुबाईंना रिक्षात बसवलं आणि शाळेत जाऊन सरांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं:

"मी, खाली सही करणार मारुतीराव, राहणार कंग्राळी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या घरी अलीकडे कोणतेही मूल जन्मलेले नाही. रविवारी पहाटे झोळीत होतो तो मीच. माझी प्रकृती उत्तम आहे. तरी माझ्या मुलीस क्याम्पला न्यावे, ही नम्र विनंती."

खाली वळणदार, शेपटीला दोन टिंबं दिलेली, अस्सल सही होती. साक्षीदार म्हणून मालुबाईंनी तिथल्या तिथे कानडीत झोकात सही ठोकली.

सरांनी कागद तीनदा वाचला. मग वहीत ऋतिकाचं खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं आणि हसू येऊ नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीच्या खालीच ऋतिका कान लावून उभी होती. दोघांची नजरानजर झाली.

मारुतीराव उठले. दारापर्यंत गेले. तिथे जरा घुटमळले.

"सर, ती झोळी... क्याम्प झाला की शाळंत परत द्याय लागती का?"

"व्हय. का?"

"न्हाय, सहज." मारुतीरावांनी कानटोपी नीट केली. "घरात एकाला सवय लागलीया."

"कुणाला?"

मारुतीराव घाईने दाराबाहेर पडले. मागून मालुबाईच म्हणाल्या, "बाळाला."